वर केलेला हात

माझी सून रक्तातल्या पेशी मोजते. हसू नका, तिची नोकरीच ती आहे. एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये बारा वर्षं झाली तिला. काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली सरकवायचा आणि पांढऱ्या पेशी मोजायच्या. या प्रकारच्या इतक्या, त्या प्रकारच्या तितक्या. डोळे भिंगाला आणि उजव्या हाताची बोटं एका छोट्याशा यंत्राच्या कळांवर. शंभर पेशी झाल्या की ते यंत्र टिंग करतं. आणि ऐंशी-नव्वदपर्यंत आल्यावर कुणी मागून म्हटलं, "मॅडम, चहा सांगू का?" की झालं! कुठल्या ओळीवर होतो तेच विसरायला होतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

म्हणून त्या लॅबमध्ये एक रीत आहे. मोजणाऱ्याने मान न वळवता डावा हात वर केला, पंजा उघडा, की समोरच्याने तोंड बंद करून उभं राहायचं. मग तो झाडूवाला असो की मोठा डॉक्टर. रीत चांगलीच आहे. तिथल्या आकड्यावर कुणाचं तरी औषध ठरतं, चुकून कसं चालेल? माझं लॅबशी काही भांडण नाही. माझं भांडण आहे ते हे, की तो हात आमच्या घरी आला.

कधी आला तेही सांगते. नात तेव्हा सहा वर्षांची होती. नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही आणि तिची जीभ तर त्याहून नाही. तिला खोकला झाला होता. सून चमच्यात औषध मोजून ओतत होती आणि ही बाजूला उभी राहून विचारत होती, खोकला पोटात राहतो की घशात, रात्री तो झोपतो का, कुत्र्याला खोकला झाला तर तो भुंकतो कसा. सुनेचा डावा हात आपोआप वर गेला. भिंगरी टपकन गप्प! आम्ही सगळे हसलो. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

पण आंधळ्याला डोळे मिळावेत तसं झालं सुनेचं. दोन अक्षरं न बोलता घर गप्प करता येतं हे तिला कळलं. मग फोनवर बोलताना हात. विजेचा अर्ज भरताना हात. दूध उतू जाऊ नये म्हणून बघत उभी असताना हात. पुढे पुढे तर नुसती भिंतीकडे बघत बसलेली असायची आणि तरी हात वर. मी एकदा म्हटलं, "अगं, आता काय मोजतेस? भिंतीवरच्या पाली?" तर म्हणते, "आई, उद्याचा दिवस मोजतेय." घ्या!

दिवस मोजायचा म्हणजे काय ते आमच्या फ्रिजवर बघायला मिळेल. एक कागद लावलाय तिने. उठणे, सहा वाजून दहा. डबे, बावीस मिनिटं. भिंगरीचे केस, सहा मिनिटं. अंघोळ, आठ. हिरव्या शाईत तिची कामं, लाल शाईत माझी, निळ्या शाईत माझ्या मुलाची. निळी शाई फारशी लागत नाही. माझे चिरंजीव गावोगाव लिफ्ट बसवत हिंडतात, महिन्यातले दहा दिवस घरी. बाकीचे वीस दिवस फोनवरून शहाणपण शिकवतात. "आई, जरा नियोजन लागतं गं." मी म्हटलं, "ये इकडे आणि कर की मग नियोजन! तिथे बसून दोरीने ओढतोस होय?" त्याने फोन ठेवला.

तो कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मी सुनेला विचारलं, "यात बोलायचं कधी लिहिलंयस?" मी टोमणाच मारला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली नवीन ओळ. "रविवार, अकरा ते साडेअकरा, भिंगरीशी गप्पा." कपाळावर हात मारून घेतला मी.

आता कुणी म्हणेल, म्हातारी सुनेच्या पाठीच लागली आहे. तसं नाही. बाई वाईट नाही हो. लॅबमधल्या दोघी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कुणी आलं नाही, आणि तिघींचं काम ही एकटी ओढते. उभ्यानेच जेवते. बसून जेवली तर डुलकी लागते म्हणे. पाच तास झोप आणि सकाळी डोळ्यांखाली ही काळी वर्तुळं. तिची कीव येते आणि संतापही येतो, आणि माझं तोंड असं, की त्यातून संतापच आधी बाहेर पडतो. मीही तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. पाय मशीनच्या पट्टीवर, डोळे शिलाईवर आणि कान पोराकडे. तो मशीनखाली बसून दिवसभर बडबडायचा. एखादी बाही उलटी लागायची, उसवायची, पुन्हा लावायची. पण बाही उसवता येते. रक्ताचा आकडा चुकला तर काय उसवणार? हे तिचं म्हणणं, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, म्हणून तर जास्त चिडचिड होते.

भिंगरीने त्या हाताशी आपल्यापरीने जुळवून घेतलं होतं. हात वर गेला की ही ओठ मिटून उभी. हात खाली आला की लगेच, "माझ्या चार गोष्टी साठल्यात." सून म्हणायची, "सोन्या, एकच सांग, आईला उशीर होतोय." मग ही चारांतून एक निवडायची. बाजारात भाजी निवडतात तशी विचार करून. गेल्या वर्षी चार साठायच्या. मग दोन. मग मी विचारलं तरी म्हणायला लागली, "काही नाही." जी पोरगी कुत्र्याच्या खोकल्यावर अर्धा तास बोलायची, ती "काही नाही" म्हणायला लागली! सुनेला म्हटलं, "अगं, उद्या हिला खरंच काही झालं, कुणी त्रास दिला, कुठे दुखलं-खुपलं, तर ही येऊन सांगेल का तुला?" ती म्हणाली, "असं काय बोलता आई? सांगेल ना." आणि घड्याळाकडे बघितलं.

मग तो गुरुवार उजाडला.

भिंगरीची शाळा तीनला सुटते. साडेतीनला शाळेची व्हॅन तिला कोपऱ्यावर सोडते आणि मी तिथे उभी असते. त्या दिवशी साडेतीन झाले, पावणेचार झाले, व्हॅनचा पत्ता नाही. मी व्हॅनवाल्याला फोन लावला. तो म्हणतो, "आजी, अहो सकाळच्या फेरीनंतर गाडी गॅरेजला टाकलीय. उद्या घ्यायला या म्हणून काल सगळ्या पोरांना सांगितलंय. आणि ग्रुपवर मेसेज पण केलाय की!"

"कसला ग्रुप? माझ्या फोनवर माझ्या बहिणीशिवाय कुणी नसतं!"

"तुमच्या सूनबाई आहेत ग्रुपवर," तो म्हणाला. ते खरं होतं. त्या ग्रुपवर रोज साठ मेसेज येतात, कुणाची पाण्याची बाटली हरवली आणि कुणाला डोळे आले. आणि सुनेचा फोन दिवसभर लॅबच्या कपाटात कुलूपबंद.

शाळेत फोन केला. तिथली बाई म्हणाली, "सगळी मुलं गेली. गेटवर कुणी नाही."

कोपऱ्यावरून मी धावत घरी आले. आठ वर्षांची पोर, एक तास झाला सुटून! शेजारणीला म्हटलं, "बाई, माझ्या दारात बसून राहा, आली तर हलू देऊ नकोस." आणि लॅबचा फोन फिरवला. लॅबमधला मदतनीस माझ्याच वयाचा, रिटायर व्हायला आलेला सज्जन माणूस. तो म्हणाला, "मॅडम मोजतायत. मोजायचं मोठं मशीन सोमवारपासून बंद आहे ना, सगळंच हाताने चाललंय. निरोप ठेवू का?"

"निरोप कसला ठेवता! तिची मुलगी सापडत नाहीये! आत जाऊन सांगा!"

फोन तसाच ठेवून तो गेला. आला. म्हणाला, "आजी, गेलो होतो. पण हात वर आहे."

देवा! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अहो, तो हात धरून खाली ओढा!" मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारीण दारातून आत धावत आली. पलीकडून पावलं ऐकू आली, मग काहीतरी खाली आदळल्याचा आवाज, आणि मग सुनेचा आवाज, "शाळेत बघते, मी शाळेत बघते," आणि फोन बंद.

मी मिळेल त्या गाडीत बसून इस्पितळाकडे निघाले. शाळा तिथून दोनच गल्ल्या पलीकडे, म्हणजे शोधायचं तर तिथूनच. पायात एक माझी चप्पल आणि एक मुलाची. रस्ताभर दोनच गोष्टी चालल्या होत्या. एक, पोर सुखरूप सापडू दे. आणि दुसरी, सापडल्यावर सुनेला काय काय सुनवायचं त्याची उजळणी. चांगलं दोन वर्षांचं साठलं होतं. "तुझ्या त्या हाताने पोर घालवलीस," इथून सुरुवात करणार होते. पोरीचा पत्ता नाही आणि मी मनात वाक्यं रचतेय. असा असतो माणसाचा स्वभाव, काय सांगू!

लॅबपाशी पोचले तेव्हा धाप लागली होती. मदतनीस म्हणाला, "मॅडम शाळेकडे पळत गेल्यात. तुम्ही आधी पाणी प्या. मागच्या बोळात नळ आहे." मी भिंत धरत धरत मागच्या बोळात गेले. लांबट, अंधारा बोळ. एका बाजूला औषधांची खोकी, दुसऱ्या बाजूला मोजण्याच्या खोलीची काचेची खिडकी. आणि त्या खिडकीखाली, जमिनीवर, दप्तरावर बसलेली भिंगरी! पेनाने बुटावर चौकोन काढत होती.

मी किंचाळणारच होते. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"शू! हळू बोल, आजी. आई मोजतेय."

मी काचेतून आत बघितलं. दिवा चालू होता. खुर्ची आडवी पडली होती. आत कुणी नव्हतं. आई कधीच उठून पळाली होती तिला शोधायला, आणि ही खिडकीखाली बसून तिचं मोजणं संपायची वाट बघत होती.

मी मटकन खाली बसले. तिला कुशीत घेतलं, पाठीत एक धपाटा घातला, पुन्हा कुशीत घेतलं. मदतनीसाने सुनेला फोन लावून दिला. आपला फोन तेवढा उचलून पळाली होती. दहा मिनिटांत आली. अंगात पांढरा कोट, केस सुटलेले, चेहरा पार उतरलेला. आली ती पोरीला घट्ट धरूनच बसली. आणि मग सगळ्या आया करतात तेच तिने केलं. जीव भांड्यात पडला रे पडला की ओरडायचं.

"कुणाला सांगायचं नाही का? घ्यायला या म्हणून सांगता येत नाही?"

भिंगरी शांतपणे म्हणाली, "सकाळी सांगत होते. तू हात केलास."

"मग इथे आल्यावर? काचेवर टकटक तरी करायची!"

"आले होते ना, शाळेतून चालत, मागच्या बोळातून. तीनदा उभी राहिले काचेपाशी. तू तीनदा हात केलास."

सून माझ्याकडे बघायला लागली. तिला आठवत होतं. मला म्हणाली, "आई, कुणीतरी आल्यासारखं वाटलं होतं. सावली दिसली. मी डोळे काढलेच नाहीत." एवढं बोलून तिने तोंडावर हात धरला.

हीच माझी वेळ होती. दोन वर्षांचं साठलेलं सगळं ओठांवर आलं होतं. मी तोंड उघडलं, आणि भिंगरी म्हणाली, "आजीला पण सांगितलं होतं काल. आजी फोनवर होती. तिने पण हात केला."

माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

आणि मला लख्ख आठवलं. बुधवारी संध्याकाळी मी बहिणीशी फोनवर बोलत होते. भिंगरी आली, माझ्या पदराला धरून म्हणाली, "आजी, उद्या..." आणि मी डावा हात वर केला होता. उघडा पंजा. अगदी लॅबमधल्यासारखा. आणि बहिणीशी बोलत काय होते मी? सुनेबद्दलच बोलत होते! ही बाई पोटच्या पोरीला तोंड उघडू देत नाही, हे तिला रंगवून रंगवून सांगत होते. त्यात पोरगी मध्येच आली म्हणून तिला गप्प केलं. लाज वाटते सांगायला, पण झालं ते असं.

सून एक अक्षर बोलली नाही. बोलायला हवं होतं तिने. मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं, जन्मभर ऐकवलं असतं. ती नुसती उठली, कोटाला डोळे पुसले आणि मदतनीसाला विचारलं, "किती राहिल्यात?"

"अकरा स्लाइड, मॅडम. चार नंबर वॉर्डातून दोनदा विचारून गेलेत."

ती आत गेली. खुर्ची सरळ केली आणि बसली. मी आणि भिंगरी बाहेरच्या बाकावर. पाऊण तास! मला असा राग येत होता की सांगता सोय नाही, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. आत कुणाच्या तरी रक्ताचा आकडा होता. ती काय खेळत होती का? मशीन दुरुस्त न करणाऱ्यांवर काढावा, तर ते कुठे भेटतात! माणसं न भरणाऱ्यांवर काढावा, तर त्यांचा तर चेहराही माहीत नाही. व्हॅनवाल्याने बिचाऱ्याने सांगितलं होतं. पोरीने दोनदा सांगितलं होतं. सगळ्यांनी सगळं वेळेवर सांगितलं होतं आणि ऐकणाऱ्या दोघींचे हात वर होते. आतून अधूनमधून टिंग ऐकू यायचं. भिंगरी बोटांवर टिंग मोजत होती. अकरा झाल्यावर म्हणाली, "चला."

शुक्रवारी सुनेने सुट्टी घेतली. बारा वर्षांत आजारपण-बाळंतपण सोडून घेतलेली पहिलीच असेल. शाळेला पण दांडी. चहा झाल्यावर ती जमिनीवर बसली आणि भिंगरीला समोर बसवलं. मी बाजूला भाजी निवडत होते. म्हणजे हातात भाजी होती, निवडत काही नव्हते.

"बोल," सून म्हणाली. "जे जे सांगायचं राहिलंय ते सगळं सांग."

भिंगरीने जरा विचार केला. "छोटी सांगू की मोठी?"

"म्हणजे गं?"

"एक छोटी गोष्ट आहे. एक मोठी आहे. मोठीला वेळ लागतो." मग तिने विचारलं, अगदी साधेपणाने, "तुझ्याकडे किती वेळ आहे?"

सुनेने तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाली, "आज अख्खा दिवस आहे. सगळा तुझाच आहे."

पोरीने तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघींना तिने नीट निरखून घेतलं. आणि तिने छोटी सांगितली. तिच्या बाकावरच्या मुलीचा दात पडला, आणि त्या मुलीने तो डब्यात घालून घरी नेला. एवढंच. भराभर सांगितली, मध्ये श्वास न घेता, वेळेत संपवली.

"आणि मोठी?" सून म्हणाली.

"नंतर," भिंगरी म्हणाली आणि खेळायला निघून गेली.

याला आता तीन आठवडे झाले. सून रोज कामावरून आली की कोटसुद्धा न काढता तिच्याजवळ बसते, दहा मिनिटं तर दहा मिनिटं. मीही फोन उचलत नाही, बहीण रुसली तर रुसू दे. परवा मी विचारून बघितलं, "काय गं, ती मोठी गोष्ट कसली आहे? चांगली की वाईट?" तर माझी नात मला म्हणते, "आजी, आत्ता नको, तुझं काहीतरी काम असेल." काम कसलं डोंबलाचं! मी नुसती बसले होते. सुनेला हे सांगितलं तर ती रडली, आणि मग मीही.

मोठी काय आहे ते आम्हाला अजून माहीत नाही. आम्ही दोघी थांबलोय.